इंदूरच्या निगमने (महापालिकेने) रोखे काढून भाड्याच्या खोल्या बांधाव्यात का?

रामबागेतला (धागाकर्ता)

परवा आमच्या मल्टीचा (बहुमजली इमारतीचा) चौकीदार काम सोडून गेला. पगारावरून नाही, खोलीवरून. राऊच्या पुढे पत्र्याची एक खोली, त्यात सहा जण. तिघं पिथमपूरच्या कारखान्यांतून रात्रपाळी करून आले की उरलेले तिघं उठायचे, अंथरूण गार व्हायच्या आत माणूस बदललेला. मालकाने माणशी दोनशे वाढवले, वर पाण्याचे वेगळे मागितले. पोरगा खरगोनला परत गेला. टेबलफॅन माझ्याकडे ठेवून गेलाय. "भैयाजी, कमरा मिला तो ले जाऊंगा."

तेव्हापासून डोक्यात घोळतंय ते लिहितो. २०२३ च्या फेब्रुवारीत आपल्या निगमने हरित रोखे काढले, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठी लोकांकडून व्याजाने पैसे घेतले. मागितले होते १२२ कोटी, जास्त आले तर आणखी तेवढेच ठेवून घ्यायची मुभा. अर्ज आले सातशे कोटींच्या वर. निगमने २४४ कोटी ठेवले आणि त्यातून जलूदच्या बाजूला ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प धरला. दहा हजार रुपयांपासून कुणालाही घेता येत होते. माझ्या सासऱ्यांनी घेतले, त्यांच्या वॉकिंगच्या ग्रुपातल्या चौघांनी घेतले. म्हणजे या शहराच्या शब्दावर लोक पैसे ठेवतात.

मग तोच शब्द भाड्याच्या घरांसाठी का वापरू नये? विकत घ्यायच्या घरांची नाही म्हणत मी. ती योजना आहे, त्यात ज्याच्याकडे थोडं तरी आहे त्यालाच मिळतं. वर्ष-दोन वर्षं राहून पुढे जाणारा माणूस, भंवरकुव्याला क्लाससाठी आलेली पोरं, सांवेर रोडच्या कारखान्यातल्या पॅकिंगच्या बायका, यांना घर विकत नको आहे. त्यांना महिन्याच्या सात तारखेला भाडं देऊन कुणाचं ऐकून न घेता राहायचंय. प्रधानमंत्री आवास योजनेच्या दुसऱ्या पर्वात, म्हणजे सप्टेंबर २०२४ पासून, भाड्याच्या घरांचा स्वतंत्र घटकही आहे. शंभर वर्षांपूर्वी व्हिएन्ना शहराने साठ हजारांच्या वर घरं बांधून भाड्याने दिली, ती आजही शहराचीच आहेत. आपण स्वच्छतेत पहिले येतो ना सारखे?

पार्षद (नगरसेवक) लोक हा विषय काढत नाहीत, कारण भाडेकरूचं नाव मतदार यादीत गावाकडे असतं. चुकत असेन तर सांगा.

निवृत्त लेखापाल

तळमळ कळली. आता हिशेब बघा. मी चौतीस वर्षं एका नगरसंस्थेच्या लेखा शाखेत काढली, त्यामुळे मला आधी खालची ओळ दिसते.

सौर रोख्यांचं उदाहरण देताय, पण ते कर्ज फिटतं कशातून ते बघितलंत का? नर्मदेचं पाणी सत्तरेक किलोमीटरवरून डोंगर चढवून आणतो आपण. त्या जलूदच्या पंपांचं वीजबिल महिन्याला वीस-पंचवीस कोटींच्या घरात जात होतं. वीज स्वतःची झाली की बिल कमी, वाचले त्यातून व्याज. त्या कर्जाला स्वतःचे पाय आहेत, ते चालत परत येतं. (माझ्याकडेही आहेत ते रोखे. हजाराच्या एका रोख्याचे अडीचशेचे चार तुकडे. तीन, पाच, सात आणि नऊ वर्षांनी एकेक सुटतो. सव्वाआठ टक्के.)

आता खोल्या. केंद्राच्या लाइट हाउस प्रकल्पात (नव्या तंत्राने झटपट घरं बांधायचा) आपल्याकडे कनाडियाला १,०२४ घरं झाली, १२८ कोटींत. भागाकार करा: घरामागे साडेबारा लाख. क्षेत्रफळ २९ चौरस मीटर, म्हणजे एक खोली, एक छोटी खोली, ओटा, मोरी. साडेबारा लाखांवर सव्वाआठ टक्के म्हणजे वर्षाला एक लाख तीन हजार, महिन्याला साधारण ८,६००. हे नुसतं व्याज. मुद्दल नाही, लिफ्टची दुरुस्ती नाही, रिकामे महिने नाहीत, बुडवणारे नाहीत. तुमचा चौकीदार देणार तीन हजार. घरामागे ५,६०० ची खोट. हजार घरांची वर्षाची खोट जवळजवळ सात कोटी. ती कोण भरणार?

रोखे काढताना संपत्ती कर, जलकर वगैरेंचा पैसा आधी एस्क्रो खात्यात, म्हणजे फक्त हप्त्यासाठी राखलेल्या वेगळ्या खात्यात, वळवतात. आधी रोखेधारकाचा हप्ता, मग उरलं तर गल्लीतला दिवा. भाडं नाही आलं तरी हप्ता चुकत नाही, दिवा चुकतो. सेबीचे (भांडवल बाजाराच्या नियामकाचे) २०१५ चे नियमही असे आहेत की एकदा हप्ता चुकवलेल्या पालिकेला पुढचं वर्षभर बाजारात तोंड दाखवता येत नाही.

आणि व्हिएन्नाचं अर्धंच सांगितलंत. त्यांनी ती घरं मुख्यतः कर्जावर नाही बांधली. १९२३ मध्ये घरांवर चढता कर लावला. कामगाराच्या दोन खोल्यांवर नाममात्र, बंगल्यावर जबर. इंदुरात असा कर मांडणारा एक पार्षद दाखवा, मी रोख्यांचं समर्थन करतो.

जेलरोडचा

भिया, दोन पोस्टमध्ये जलूद, कनाडिया अन् व्हिएन्ना. पुढच्या पोस्टला पासपोर्ट लागेल.

सुदामानगरची काकू

मी त्या "मालकां"पैकी एक आहे, म्हणून लिहिते. पत्र्याची खोली नाही माझी, पण वरच्या मजल्यावर तीन खोल्या आहेत, दर खोलीत तीन कॉट. हे गेल्यावर पेन्शन अर्धी झाली, तेव्हा काढल्या. मुली ठेवते. कॉटमागे २,८००, पाणी धरून.

लोकांना वाटतं घरमालक म्हणजे नोटा मोजत बसलेला. मे महिन्यात बोअर आटतो, टँकर मागवावा लागतो. सकाळी सहाला तीन गिझर एकदम लागतात आणि मीटर भिंगरीसारखा फिरतो. कोरोनात मुली गेल्या त्या गेल्याच, चौदा महिने वरचा मजला कुलपात होता. कपाटात कुणाची तरी नोटबुकं आणि अर्धी मॅगी राहिली होती, ती मीच उंदरांच्या भीतीने टाकली. त्या चौदा महिन्यांचं मला कुणी काही दिलं नाही आणि मी मागितलंही नाही.

आता निगम कर्ज काढून माझ्या बाजूलाच स्वस्तात कॉट देणार. ते कर्ज कुणाच्या संपत्ती करातून फिटणार? माझ्या. म्हणजे माझ्याच पैशाने माझं गिऱ्हाईक न्यायचं.

हवं तर उलटं करा. जो घरमालक कॉटमागे अमुक एका रकमेच्या आत भाडं घेईल, पावती देईल, आग विझवायचं यंत्र लावील, त्याला संपत्ती करात सूट द्या. आज निम्मे लोक नोंदणीच करत नाहीत. हॉस्टेल म्हटलं की व्यावसायिक दर लागेल ही धास्ती. भाडेकरू निघाला नाही तर कोर्टात किती वर्षं जातील ही दुसरी. केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायदा केला, अनामत दोन महिन्यांच्या वर नको वगैरे. चांगला आहे. पण तो राज्याने मनावर घेतला तर. तोवर आम्ही आपले अकरा महिन्यांच्या कराराचे उपासक.

भंवरकुवा, पाचवा मजला

काकू, तुमच्याकडे जागा असती तर मी आलो असतो, पण मुलगा आहे. मी सध्या जिथे राहतो तिथे पार्टिशन प्लायवूडचं आहे. शेजारचा पोरगा राज्यघटनेची कलमं मोठ्याने पाठ करतो, माझीही झाली. ४,५००, जेवण वेगळं. लिफ्ट आहे, ती फक्त मालक आला की चालते. निगम बांधो नाहीतर काकू बांधोत, खिडकी हवी एवढंच.

रामबागेतला

@लेखापाल काका, हिशेब बरोबर, पण तुम्ही घर भाड्याने दिलंत, मी कॉट भाड्याने देतोय. त्या २९ चौरस मीटरमध्ये चार कॉट आरामात बसतात. कॉटला दोन हजार धरा, काकूंपेक्षा आठशे कमी. झाले आठ हजार. शिवाय नव्या योजनेत नवं बांधकाम तंत्रज्ञान वापरणाऱ्याला चौरस मीटरला केंद्राचे तीन हजार आणि राज्याचे दोन हजार असं अनुदान आहे. घरामागे १ लाख ४५ हजार. म्हणजे कर्ज अकरा लाखांवर येतं आणि व्याज ७,६०० वर. आठ हजार येतात, सात हजार सहाशे जातात. चाललं की!

कराच्या मुद्द्यावर मात्र निरुत्तर. आमच्या मल्टीत कचरा शुल्क वाढलं तेव्हा पंधरा दिवस व्हॉट्सॲप ग्रुपवर युद्ध झालं होतं, आणि खरं सांगायचं तर मीही त्यात होतो.

निवृत्त लेखापाल

चाललं नाही, लंगडलं. उरले चारशे. त्यात झाडू, लिफ्ट, चौकीदार (तोच तुमचा!), रंग, पंप. आणि मुद्दल नऊ वर्षांत द्यायचं तर महिन्याला आणखी दहा हजार. घर पन्नास वर्षं टिकणार आणि कर्ज नऊ वर्षांत फेडायचं, ही गाठ आधी सोडवा. पंचवीस-तीस वर्षांचं, चार-पाच टक्क्यांचं कर्ज मिळालं तर बोलू. असा पैसा शेअर बाजारात मिळत नाही, वरच्या सरकारकडून मिळाला तर मिळतो.

जुनी आठवणही काढतो. पाणीपुरवठ्यासाठी भोपाळ, इंदूर, ग्वाल्हेर आणि जबलपूर या चार शहरांचं मिळून आशियाई विकास बँकेचं २० कोटी डॉलरचं कर्ज २००३ मध्ये मंजूर झालं. पाणी आलं, नाकारत नाही. पण तेव्हा टाळ्या वाजवणारे आणि पुढे हप्ते भरणारे वेगळे होते. परिषदेची मुदत पाच वर्षं असते, कर्जाची नसते.

वरळी ते विजयनगर

लग्न होऊन इंदूरला आले, माहेर मुंबईचं. बीडीडी चाळीतलं. म्हणून हा विषय माझ्या घरचा.

१९२० च्या सुमारास मुंबई सरकारने नेमकं हेच केलं होतं. गिरणी कामगारांना खोल्या हव्या होत्या. सरकारने मोठं कर्ज उभारलं, शहरात येणाऱ्या कापसाच्या दर गाठीवर एक रुपया कर लावला आणि ५०,००० खोल्यांचा बेत केला. झाल्या सोळा हजारांच्या आसपास. वरळी, नायगाव, शिवडी, डिलाईल रोड मिळून २०७ चाळी. आणि गंमत अशी की कामगार राहायलाच येईनात! भाडं परवडेना, वरळी तेव्हा गिरण्यांपासून आडबाजूला, सिमेंटच्या भिंती, उजेड कमी. कितीतरी खोल्या वर्षानुवर्षं रिकाम्या. शेवटी १९३० च्या कायदेभंगात वरळीच्या चाळींचा सरकारने तात्पुरता तुरुंग केला. कामगारांसाठी बांधलेल्या खोल्यांत सत्याग्रही.

पण याचा दुसरा अर्धा भागही ऐका. त्याच चाळींत पुढे तीन पिढ्या वाढल्या. माझी आजी एकशेसाठ चौरस फुटांत अकरा माणसांचा स्वयंपाक करायची, आणि गणपतीला सगळा मजला एका पंगतीला बसायचा. म्हणजे पहिल्या दहा वर्षांचा हिशेब बघितला तर दिवाळं, शंभर वर्षांचा बघितला तर त्या चाळी नसत्या तर ही माणसं गेली कुठे असती? लेखापाल काकांची नऊ वर्षांची गाठ तीच आहे. माझं मत विरोधातच, कारण आपला निगम शंभर वर्षं थांबू शकत नाही. तरी "रिकाम्या राहतील" म्हणजे कायमच्या रिकाम्या, असं नसतं.

गिरणीवाल्याचा नातू

सगळे बांधायचा खर्च मोजताय, जमीन कुठेय ते कुणी बोलत नाही. वरळीच्या ताईंनी सांगितलं तेच खरं, जागा चुकली की सगळं चुकलं. २०२० मध्ये कोरोनाच्या स्थलांतरानंतर केंद्राने भाड्याच्या घरांची पहिली योजना आणली. जुन्या सरकारी योजनांतली रिकामी पडलेली घरं भाड्याला द्यायची. देशभरात अशी ८३,५३४ घरं मोजली होती. दिली गेली किती? ५,६४८. बाकीची गावाबाहेर, जिथून कामाला जायला बसच नाही. भिंतींचा तुटवडा नव्हताच.

माझे आजोबा इथल्या हुकुमचंद मिलमध्ये साच्यावर (मागावर) होते. १९९१ ला मिल बंद पडली. थकीत पैसे मिळाले डिसेंबर २०२३ मध्ये, २२४ कोटी, बत्तीस वर्षांनी. आजोबा नव्हते, आजीच्या सहीने आले. त्या बदल्यात शहराच्या पोटातली बेचाळीस एकरांच्या वर जमीन गृहनिर्माण मंडळाकडे गेली. तिथे आता काय उभं राहील ते सांगायला ज्योतिषी नको. दुकानं आणि मोठे फ्लॅट.

त्यातले दोन एकर, फक्त दोन, भाड्याच्या कॉटसाठी ठेवायला काय हरकत होती? कर्ज नको, रोखे नकोत. जमीन भाडेपट्ट्याने द्या, बांधणारा बांधील, भाड्याची कमाल मर्यादा करारात घाला. नंदानगर कुणासाठी वसलं? गिरणी कामगारांसाठीच, नाव गुलजारीलाल नंदांचं. तेव्हा या शहराला कळत होतं की काम इथे तर माणूसही इथेच.

देवासकर

इंदूरवाल्यांनो, तुमचे वाद श्रीमंतांचे. आमच्या निगमने रोखे काढायचे म्हटले तर घेणार कोण, आमचे आम्हीच? पतमानांकन, मर्चंट बँकर, कायदेशीर कागद यांचा खर्चच एवढा की वीस-पंचवीस कोटींसाठी परवडत नाही. तमिळनाडूत २००२ मध्ये तेरा-चौदा छोट्या गावांनी मिळून पाणी आणि गटारांसाठी ३० कोटींचे रोखे काढले होते, एकमेकांच्या आधाराने. माळव्यात उज्जैन, देवास आणि रतलाम एका कागदावर सह्या करतील? मी हसतोय.

आणि पिथमपूरचा विषय निघालाच आहे तर, पिथमपूर धार जिल्ह्यात आहे, तिथे स्वतःची नगरपालिका आहे. तिथल्या कारखान्यांचा मजूर राऊला झोपतो, तर त्याच्या छपराचं व्याज सुदामानगरच्या काकूंनी का भरायचं? कारखानदाराने भरावं.

रामबागेतला

@देवासकर, हा मुद्दा मात्र लागला. मी चौकीदाराचा विचार करत होतो, त्याच्या खोलीतल्या त्या तिघांच्या मालकाचा नाही.

बडोद्याहून

दांडिया बाजारातून डोकावतोय. आमच्या महापालिकेने मार्च २०२२ मध्ये १०० कोटींचे पाच वर्षांचे रोखे काढले, ७.१५ टक्क्यांना. दहापट बोली आली. इथे सगळ्यांनी पाठ थोपटून घेतली. दोन वर्षांनी पुन्हा १०० कोटी काढले, तेव्हा दर ७.९०. पालिका तीच, कर तोच, नुसता बाजार बदलला. तुमच्या चारशे रुपयांच्या शिलकीवर असा पाऊण टक्का आला की अकरा लाखांवर महिन्याला सातशे जातात. तेव्हा इंदूरच्या वादात मी लेखापालांच्या बाजूला बसतो.

फक्त एक. आमच्या शेजारी सुरतेने त्या २०२० च्या योजनेत ३९३ तयार घरं भाड्याला लावली, नवी वीट न रचता. तुमच्याकडे कुलपात असलेली घरं आधी मोजा. मोजायला रोखे लागत नाहीत.

रामबागेतला

बरं, मी माघार घेतो, पण अर्धीच. रोखे काढून नवे मजले नकोत, हे पटलं. पण "कर्ज नको" म्हणून विषयच मिटवायचा, हे पटलेलं नाही. जमीन नातू म्हणतो तशी, मिलच्या किंवा बसस्थानकाच्या जवळ. कुलपातली घरं आधी. काकूंना करात सूट, पावतीच्या अटीवर. आणि पिथमपूरच्या कारखान्यांकडून माणशी काहीतरी. वॉर्डाच्या बैठकीत एवढं लेखी देतो. लेखापाल काका, मसुदा तपासाल?

निवृत्त लेखापाल

तपासतो. "काहीतरी" हा शब्द काढा, तिथे आकडा घाला. आकडा नसलेला ठराव फायलीत लवकर झोपतो.

सुदामानगरची काकू

तुमचे ठराव होतील तेव्हा होतील. त्या चौकीदाराला फोन करून सांगा, माझ्या मागच्या अंगणात मोटरीच्या शेजारी एक खोली आहे. एकट्याला पुरेल, खिडकी आहे. तीन हजार, पाणी धरून. मे महिन्यात टँकर आला तर पाइप धरायचा. करार अकराच महिन्यांचा.

निवृत्त लेखापाल

पावती देणार का?

सुदामानगरची काकू

करात सूट मिळाली की.